शंभर दाण्यांचा हिशेब : फसव्या आश्वासनांच्या प्रश्नाचा आढावा

मृगाच्या आधीच्या आठवड्यात वाशिमच्या बाजारपेठेतून चालत गेलं की कृषी सेवा केंद्रांसमोर नवे फ्लेक्स लागलेले दिसतात. बुडापासून शेंड्यापर्यंत शेंगांनी लदबदलेलं सोयाबीनचं झाड, त्याच्याशेजारी हसरा शेतकरी आणि एकरी उतार्‍याचा असा आकडा, की कोरडवाहू वावराचा मालक तो दोनदा वाचतो. जवळच्याच भिंतीवर मधुमेह मुळापासून बरा करणार्‍या औषधाचं पत्रक असतं. त्यावर पोलीस भरतीच्या क्लासची ‘हमखास निवड’ चिकटवलेली असते आणि कोपर्‍यात कुणाच्या तरी वाढदिवसाचं वचनपूर्तीचं पोस्टर. बाजाराला आलेला माणूस हे सगळं एकाच नजरेत वाचतो. कायदा मात्र या चार कागदांकडे चार वेगळ्या नजरांनी पाहतो. एकासाठी दंड आहे, दुसर्‍यासाठी तुरुंगवासही आहे, तिसर्‍यासाठी मार्गदर्शक सूचना आहेत आणि चौथ्यासाठी जवळजवळ काहीच नाही.

ही तफावत कशी तयार झाली, तिच्याविषयी कोण काय म्हणतं आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, हे इथे मांडतो आहे. उदाहरणं शक्य तेवढी वाशिम आणि शेजारच्या वर्‍हाडातली घेतली आहेत.

कायदा कसा वाढत गेला

स्वतंत्र भारताने फसव्या जाहिरातींवर पहिला जोरदार हात टाकला तो औषधांच्या बाबतीत. १९५४ च्या ‘औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमा’ने मधुमेह, लकवा, संधिवात, वंध्यत्व अशा ठरावीक विकारांवर औषध असल्याची जाहिरात करायलाच बंदी घातली. उंची वाढवून देण्याचा दावाही त्या यादीत आहे. या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माल खपवण्यासाठी केलेली जाहिरात विचारस्वातंत्र्याच्या संरक्षणात बसत नाही. १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात त्याच न्यायालयाने भूमिका बरीच बदलली. व्यापारी जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे आणि ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क तिच्यामुळे पुरा होतो, असं या निकालाने मान्य केलं. फसव्या जाहिरातीला मात्र संरक्षण नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. आजचा सगळा वाद या दोन निकालांच्या मधल्या जागेत चालतो.

ग्राहकाच्या बाजूने महाराष्ट्रात जे काम झालं, ते देशात आधी झालेल्यांपैकी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, जाहिरात व्यवसायाने ‘अ‍ॅस्की’ ही स्वतःची नियामक संस्था काढली. ती तक्रार ऐकते आणि जाहिरात बदला किंवा मागे घ्या असं सांगते, पण शिक्षा करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.

मोठा बदल झाला तो २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यातच आली : वस्तूचं खोटं वर्णन, खोटी हमी, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या खेपेला १० लाख आणि पुन्हा तेच घडलं तर ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीत चेहरा देणार्‍यालाही काही काळ दुसरी जाहिरात करण्यापासून रोखता येतं. जून २०२२ मध्ये सविस्तर मार्गदर्शक सूचना आल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खास कोचिंग क्लासेससाठी वेगळ्या. निवडीची हमी देता येणार नाही आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याची निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय छापता येणार नाही, असं त्या सांगतात. वाशिमच्या भिंतीवरचं ‘हमखास’ कागदोपत्री तरी तेव्हापासून नियमबाह्य आहे.

चमत्काराच्या दाव्यांसाठी महाराष्ट्राकडे आणखी एक कायदा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. टीव्हीवर विकल्या जाणार्‍या हनुमान चालीसा यंत्राच्या जाहिरातींविरुद्ध एका शिक्षकाने याचिका केली होती. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा यंत्रांत दैवी शक्ती असल्याची जाहिरात या कायद्याखाली बेकायदा ठरवली.

बॅगेच्या शिवणीतली चिठ्ठी

वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात आधी भिडतो तो बियाण्याच्या बॅगेतून. सोयाबीन हे इथलं खरिपाचं मुख्य पीक. बॅगेच्या शिवणीत एक छोटी चिठ्ठी अडकवलेली असते. तिचा रंग निळा असेल तर बियाणं प्रमाणित, म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं. हिरवी असेल तर सत्यप्रत, म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर ‘हे असं आहे’ म्हणून सांगितलेलं. तिच्यावर वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधता आणि उगवणक्षमता : किमान ७० टक्के. फ्लेक्सवर जे लिहिलेलं असतं ते मोजता येत नाही, या चिठ्ठीवरचं येतं.

२०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात हजारो शेतकर्‍यांचं सोयाबीन उगवलंच नाही. आधीच्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काढणीच्या वेळी पाऊस धरून बसला होता. त्यात बियाण्याचं पीक भिजलं आणि चांगल्या बियाण्याची टंचाई झाली. तक्रारी खासगी कंपन्यांविरुद्ध होत्या तशा अकोल्यात मुख्यालय असलेल्या महाबीज या सरकारी महामंडळाविरुद्धही होत्या. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हे का नोंदवले जात नाहीत, असा जाब कृषी खात्याला विचारला.

त्या वर्षी रिसोड तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकर्‍याच्या वावरात मी उभा होतो. तासामध्ये कुठे दोन रोपं, मग हातभर मोकळी जमीन. त्याने बोटाने माती उकरून कुजलेला दाणा तळहातावर घेतला आणि म्हणाला, “बॅगवर सत्तर लिहेल होतं भाऊ, वावरात तीस बी नाही निंघालं.” त्याने बॅग आणि पावती जपून ठेवली होती. बियाणं मात्र सगळं पेरून टाकलं होतं, मुठभरही उरलेलं नव्हतं.

हे ‘उरलेलं नव्हतं’ वर्षानुवर्षं शेतकर्‍याच्या विरुद्ध वापरलं गेलं. प्रयोगशाळेत तपासायला नमुना नाही, मग दोष सिद्ध कसा होणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात त्याचं उत्तर दिलं. शेतकरी पेरणीसाठी बियाणं घेतो, पुढे तपासणी लागेल म्हणून त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. बियाणे कायदा असला तरी तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हेही त्या निकालाने पक्कं केलं.

कंपन्यांची आणि विक्रेत्यांची बाजू खोटी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. ट्रकमधून बॅग आपटली, थप्पी फार उंच लावली, तरी अंकुराला इजा होते. जमिनीत पुरेशी ओल नसताना किंवा फार खोल पेरणी झाली तर चांगलं बियाणंही दगा देतं. म्हणूनच कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं दरवर्षी सांगतो. शेवटी दोष कुणाचा, हे तालुकास्तरीय समितीच्या पंचनाम्यावर ठरतं. तो दुबार पेरणीची घाई सुरू होण्याआधी झाला तरच उपयोगाचा, कारण एकदा पाळी घालून पुन्हा पेरलं की वावरातला पुरावा संपला.

शिक्षेच्या बाबतीत तर अंतर थक्क करणारं आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे ५०० रुपयांपर्यंत. एका बॅगेची किंमत याच्या कितीतरी पट असते. राज्य सरकारने २०२३ मध्ये कडक शिक्षेची विधेयकं मांडली. आपण कंपनीची सीलबंद बॅग विकतो, आत काय आहे हे आपल्याला कसं कळणार, असं म्हणत विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली आणि विधेयकं संयुक्त समितीकडे गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात दंड लाखांत गेला आहे आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

बातमीच्या वेशातली जाहिरात

दुसरी जागा वर्तमानपत्राची. इथे विदर्भातलंच एक उदाहरण देशभर चर्चिलं गेलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांमध्ये बीटी कापसाने सुबत्ता आणली, तिथे एकही आत्महत्या झाली नाही, अशी बातमी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. वार्ताहराचा प्रवास बियाणे कंपनीने घडवून आणल्याची नोंद बातमीतच होती. तोच मजकूर २८ ऑगस्ट २०११ रोजी पुन्हा पानभर आला. या वेळी तो पैसे देऊन घेतलेल्या जागेत होता, तसं सांगणारी एक छोटी ओळ वर होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये ‘द हिंदू’त हे सगळं उलगडलं. भांबराजाच्या गावकर्‍यांनी आपल्या गावात आत्महत्या झाल्याचं सांगितलं होतं. अ‍ॅस्कीकडे तक्रार गेली आणि कंपनीच्या जाहिरातीतल्या काही दाव्यांना आधार नसल्याचं ठरलं.

वर छोट्या अक्षरात ‘ही जाहिरात आहे’ असं छापलं म्हणजे वाचकाला सांगून झालं का? वृत्तपत्रांच्या व्यवस्थापनांचं म्हणणं, की अशा पुरवण्यांशिवाय पेपर एवढ्या स्वस्तात घरी पोचू शकत नाही आणि खूण केलेली असते. पत्रकारांमधला मोठा वर्ग म्हणतो, की बातमीचीच अक्षरं, बातमीचीच मांडणी आणि वार्ताहराचं नाव वापरलं की खूण असूनही फसवणूक होते. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. खेड्यात पेपर चहाच्या टपरीवर चौघांत मिळून वाचला जातो. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि ती छोटी ओळ कुणी वाचून दाखवत नाही.

निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’चा वाद तर महाराष्ट्रातूनच पेटला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत उमेदवारांच्या स्तुतीचे जवळजवळ सारखेच मजकूर छापून आल्याचं साईनाथ यांनी दाखवलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल केला, पण कौन्सिलने आधी त्याचा छोटा अवतारच प्रसिद्ध केला. त्यानंतर निवडणूक आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या. निवडणूक लागली की वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातही अशी समिती बसते. ती बातमीचा खर्च उमेदवाराच्या नावावर धरू शकते, पण पैसे दिल्याचा पुरावा क्वचितच कागदावर असतो. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा, ही आयोगाची मागणी जुनी आहे आणि ती अजून कायद्यात उतरलेली नाही.

जाहीरनामा, घोषणा आणि वचन

२०२४ च्या विधानसभा प्रचारात सोयाबीनचा भाव हा विदर्भात कळीचा मुद्दा होता. हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजार समितीत माल त्याच्या बराच खाली जात होता. एका आघाडीच्या सभांमधून ६,००० रुपयांचं आश्वासन दिलं गेलं, दुसर्‍या आघाडीने ७,००० सांगितले. लाडक्या बहिणींना १,५०० चे २,१०० करू असं एकीने म्हटलं, तर दुसरीने महिलांना ३,००० सांगितले. कर्जमाफी दोघांच्याही यादीत होती. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातल्या शेतकरी आंदोलनानंतर, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, असं सरकारने जाहीर केलं.

जाहीरनाम्यातलं वचन पाळलं नाही तर काय? ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या अर्थाने भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. निवडणूक आयोगाने मार्गदर्शक सूचना कराव्यात, असंही त्यात म्हटलं होतं. त्यानुसार आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून येणार याचं ढोबळ चित्र पक्षांनी द्यावं, अशी अपेक्षा आचारसंहितेत आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने त्यासाठी ठरावीक तक्ताच सुचवला, तेव्हा अनेक पक्षांनी हरकत घेतली. २०१३ च्या निकालाचा फेरविचार करावा का, हा प्रश्न ऑगस्ट २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

सरकारने सत्तेत असताना दिलेल्या शब्दाचा भाग वेगळा आहे. शब्दावर विसंबून कुणी पैसा गुंतवला तर सरकारला मागे फिरता येत नाही, हे तत्त्व मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या १९७८ च्या निकालापासून मान्य आहे. पण ते पत्रकार परिषदेतल्या घोषणेला लागू होतं का? दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी टाळेबंदीत गरीब भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल असं सांगितलं होतं. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ते वचन बंधनकारक धरलं आणि दोनच महिन्यांनी मोठ्या पीठाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आपल्याकडे अशा घोषणांचं काय होतं, हे कारंजा लाडच्या रुळांवर चांगलं दिसतं. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेजची शकुंतला कारंजावरून जायची. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी तिच्या ब्रॉडगेजसाठी १,५०० कोटी रुपयांची घोषणा केली. पुढे गाडीही थांबली, ब्रॉडगेजही आलं नाही. याला फसवणूक म्हणायचं का? जुनी मालकी खासगी कंपनीची, पुलांची अवस्था, उत्पन्नाचा हिशेब, अशा खर्‍या अडचणी होत्या. फौजदारी कायद्यात तर फसवणूक तेव्हाच ठरते, जेव्हा शब्द देतानाच तो न पाळण्याचा हेतू होता असं दाखवता येतं. पण कारंजातल्या माणसाने दहा वर्षं वाट पाहिली, हेही तेवढंच खरं. उलट, याच जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग शंका घेणार्‍यांना चुकवून पुरा झाला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. रस्त्याच्या घोषणेसोबत कडेने वसवायच्या नवनगरांचीही घोषणा होती, ती मागे पडली. एकाच घोषणेतलं निम्मं वचन खरं ठरतं आणि निम्मं हवेत राहतं, तेव्हा कुठल्या खात्यात ती मांडायची?

तीन भूमिका

या सगळ्यावर विचार करणार्‍यांत ढोबळमानाने तीन बाजू दिसतात. पहिली म्हणते, कायदा कडक करा आणि राबवा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी फसव्या जाहिरातींविषयीच्या पतंजली प्रकरणाच्या सुनावणीत, जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी जाहिरातदाराने स्वयंघोषणा द्यावी आणि चेहरा देणारेही तितकेच जबाबदार राहतील, असं सांगितलं. ही बाजू त्याकडे बोट दाखवते. दुसरी बाजू जाहिरात आणि माध्यम व्यवसायाची. आधीच सगळं तपासायचं म्हटलं तर छोट्या दुकानदाराची जाहिरातच बंद होईल, स्तुती आणि खोटी हमी यांत फरक करा आणि आम्हाला आमचं शिस्तीत ठेवू द्या, असं ती म्हणते. तिसरी बाजू ग्राहक चळवळीची : ग्राहक जागा झाल्याशिवाय कुठलाच कायदा जागा होत नाही.

राजकीय वचनांबद्दलही असाच भेद आहे. मतदार पाच वर्षांनी निकाल देतो, न्यायालयाने त्यात पडू नये, ही भूमिका लोकशाहीच्या दृष्टीने भक्कम आहे. पण पाच वर्षांआधी होणारं नुकसान तिच्यात मोजलं जात नाही. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. माफी येणार या आशेने एखाद्याने मार्च चुकवला की ती सवलत जाते, खातं थकीत होतं आणि पुढच्या जूनमध्ये नवीन कर्ज मिळत नाही. मग तो सावकाराच्या दारात. इथे वचन पाळलं गेलं नाही एवढाच मुद्दा उरत नाही. वचन लांबलं, त्याचीच किंमत शेतकर्‍याने व्याजात मोजली. माफी आली तरी ते व्याज परत येत नाही.

‘एक रुपयात पीक विमा’ हेही असंच. २०२३ च्या खरिपात तो आला, ऐकणार्‍याला रुपया कळला. नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचं ही अट मात्र अनेकांना पीक पाण्याखाली गेल्यावर कळली. २०२५ च्या खरिपापासून योजना पुन्हा नेहमीच्या हप्त्यावर गेली.

राहिलेले प्रश्न

पहिला प्रश्न पोचण्याचा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे. तरीही मानोर्‍याच्या तांड्यावरची बाई १,२०० रुपयांच्या फसव्या औषधासाठी वाशिमच्या किती फेर्‍या मारेल? तिची एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट हाच तिचा खर्च. केंद्रीय प्राधिकरण दिल्लीत बसतं आणि भिंतीवरचं पत्रक तिथून दिसत नाही.

दुसरा प्रश्न मोबाइलचा. फ्लेक्स कुणी लावला हे गावात कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘अनुदान मंजूर, लिंक दाबा’ किंवा पैसे दुप्पट करणारा संदेश कुणाचा, हे कळत नाही. समाजमाध्यमांवर जाहिरात करणार्‍यांनी पैसे घेतल्याचं उघड करावं असा नियम आहे, पण तालुक्याच्या पातळीवर तो तपासणारं कुणी नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बियाण्याच्या बॅगेला चिठ्ठी आहे, अपुरी का होईना, पण तिच्यावर आकडा, तारीख आणि जबाबदार माणूस आहे. म्हणूनच तिच्यावर भांडता येतं. जाहीरनाम्याला अशी चिठ्ठी नाही, सरकारी घोषणेला नाही, बातमीच्या वेशातल्या जाहिरातीला नाही. निवडणूक आयोगाने सुचवलेला तक्ता ही एका अर्थाने चिठ्ठीच होती : किती रक्कम, कुठून, किती जणांना. तो सक्तीचा करावा का, आकडा चुकला तर काय करावं आणि ते ठरवणारा कोण, यावर पक्ष, आयोग आणि न्यायालय यांचं एकमत झालेलं नाही.

दरम्यान कृषी सहायक मे महिन्यात गावोगाव एक साधं प्रात्यक्षिक दाखवतात. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट झाकून गुंडाळी सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. रिसोडचा तो शेतकरी २०२० पासून हे दरवर्षी करतो, विकतच्या बियाण्याचंही. गेल्या वेळी गेलो तेव्हा त्याची आई ओसरीत गुंडाळी उलगडून बसली होती. मोड आलेला एकेक दाणा ती उचलून ताटलीत टाकत होती आणि मोठ्याने मोजत होती. अठ्ठ्याहत्तरावर थांबली. उरलेले बावीस तिने वेगळे केले आणि नातवाला बॅगेची चिठ्ठी शोधून आणायला सांगितलं.